करंड्यातली लाल माती

१

शुक्रवारी सकाळी फ्लोरी मच्याडोने घरातल्या देवाच्या छोट्या आल्तारावरचा करंडा उघडला आणि आतली माती लाल निघाली.

ती रडत आमच्या दारात आली तेव्हा मी दुसरा चहा पीत बसलो होतो. बाहेर धूळ उठली होती. कुवेतमध्ये तिला तोझ म्हणतात. समोरची मशीद, कोपऱ्यावरचं बकाला म्हणजे किराणा दुकान, खाली उभ्या असलेल्या गाड्या, आमची सगळी रिग्गई वस्ती नारिंगी दुधात बुडवून ठेवल्यासारखं दिसत होतं. अशा दिवशी मला काहीही करावंसं वाटत नाही. तसं मला एरवीही वाटत नाही, पण तोझ असली की निमित्त मिळतं.

"अवो, सरका जरा. फ्लोरीबायला बसू दे," शहरबानू म्हणाली.

शहरबानू म्हणजे माझी बायको, बाणकोटची. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची तिला भारी हौस. खरं तर नाकाचा धंदा माझा, फरवानियात माझं अत्तराचं छोटं दुकान आहे. पण बिल्डिंगीत काही हरवलं, कुणी रुसलं, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं की लोक माझ्याकडे येत नाहीत, तिच्याकडे येतात. आणि ती शोधून काढते. हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही.

"माती बदलली, बाय," फ्लोरी म्हणाली. "कोणीतरी माझी माती नेली आणि दुसरीच भरून ठेवली. आता इनास सही करणार नाय."

इनास म्हणजे तिचा नवरा. हृदयाच्या हॉस्पिटलात पडून होता. रविवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता थांबलात तर पुढे आमच्या हातात काही नाही. पण हा वसईचा हट्टी माणूस म्हणे, शनिवारी संध्याकाळी आधी मला त्या मातीचं घोटभर पाणी द्या, मग सही करतो. लहानपणापासून त्याच्या घरात आजारी माणसाला तेच पाणी देत आले होते.

"त्याला सांगू नका. कालवून द्या," मी शहाणपणा केला.

"पाणी लाल दिसेल, कमालभाई. आमची माती काळपट. तो जन्मभर बघत आलाय ती."

शहरबानूने पायांत चपला सरकवल्या. "चला, दाखवा मना."

२

फ्लोरीचं घर आमच्या खालच्या मजल्यावर. करंडा पितळेचा, मुठीत मावेल एवढा. आत खरंच लाल माती होती.

आमच्या कोकणची माती अशीच. गावच्या घराकडे चढणारी वाट, पायताणाला लागलेला तांबडा थर, आईच्या साडीचा तांबूस झालेला काठ, सगळं एका क्षणात त्या करंड्यातून वर आलं. मी करंडा नाकाशी नेला. काहीच वास आला नाही. तोझमुळे नाक चोंदलंय, असं म्हणून मी तो खाली ठेवला.

"मूळ माती कुठली?" शहरबानूने विचारलं.

"ठाण्याची. साधूंची."

मग फ्लोरीने सांगितलं. सातशे वर्षांपूर्वी चार साधू होर्मुझहून जहाजात बसले. म्हणजे ह्याच आखातातून. जायचं होतं दक्षिणेला कोल्लमला, वाऱ्याने नेऊन टाकलं ठाण्याला. त्यांच्यात थॉमस नावाचा म्हातारा होता, दूर इटलीतल्या तोलेंतिनो गावचा. काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि चौघांनाही मारलं. चर्चने पुढे थॉमसला धन्यवादित म्हटलं, म्हणजे संतपदाच्या एक पायरी खाली.

"मागून एक प्रवासी साधू आला," फ्लोरी म्हणाली. "त्याने थॉमसची हाडं नेली आणि लिहून ठेवलं, की ठाण्याचे लोक आजारी पडले की त्या जागेची माती पाण्यात कालवून पितात आणि बरे होतात. हिंदू पितात, मुसलमान पण पितात. आमचे फादर सांगतात हे."

"आणि ही त्याच जागेची कशावरून?" मी विचारलं. सातशे वर्षांत खाडीचीसुद्धा जागा हलते.

"माझ्या सासूने सांगितलं यावरून," फ्लोरी म्हणाली. ह्यावर कुणाची काय टाप आहे बोलायची?

शहरबानू मात्र बोटाने माती उकरत होती. "ह्यो काय?"

मातीत नखाएवढा एक शंख होता, पांढराफटक.

"तो आमचाच! पहिल्यापासून मातीत होता. मुलं हट्टाने बघायला मागायची. दगडासारखा घट्ट आहे."

शहरबानूने चिमटीत धरला आणि शंखाचा चुरा झाला. फ्लोरी पुन्हा रडायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, उरलेलं घालवलं हिने. पण आमची बेगम चुऱ्याकडे बघत राहिली.

"इथे कोण कोण आला होता ह्या आठवड्यात?"

आल्ताराच्या कोनाड्याची फळी बसवायला सखाराम सुतार आला होता. हॉस्पिटलच्या धावपळीत तळमजल्यावरची अमिरुन्निसा जेवण घेऊन आली होती. आणि घरात होती सून नीला. मुलगा दूर समुद्रात तेलाच्या रिगवर, वादळामुळे अडकलेला.

"पण विचारायचं काय त्यात?" फ्लोरीने डोळे पुसले. तिचा आवाज एकदम कडक झाला. "लाल माती कोकणातली. आणि सखाराम संगमेश्वरचा. मी आत्ता त्याच्या कंपनीत फोन करते."

"उद्यापर्यंत थांबा," शहरबानू म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. ठाण्याला एकदा झाली तेवढी पुरे."

३

जलीबला, सखारामच्या वस्तीकडे, जाताना रस्त्यावर गाड्यांचे फक्त दिवे दिसत होते. माणसं तोंडाला रुमाल बांधून धुळीतून उगवत आणि धुळीतच मावळत. मला त्यांच्यात सारखे त्या चार साधूंचे झगे दिसायला लागले. मी ते शहरबानूला सांगितलं.

"समोर बगून गाडी चालवा," ती म्हणाली.

सखाराम सहा-सात जणांच्या खोलीत राहायचा. सुट्टीचा दिवस, कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी गावी बोलत होतं. दोरीवर सदरे इतके दाट की माणसाला बसायचं तर वाकून बसावं लागे. आमचं बोलणं ऐकून तो आधी हसला. मग त्याला कळलं की आपल्यावर आळ आहे.

"भाभी," तो म्हणाला, "माज्या गावची माती हितं माज्याकडं असती, तर ती मी दुसऱ्याच्या डब्यात कशाला टाकली असती? उशाला घेऊन झोपलो असतो."

मला वाटलं, आपण उठावं आणि घरी जावं. पण शहरबानूने पर्समधून पुडी काढली आणि चिमूटभर माती त्याच्या तळव्यावर ठेवली. "गावची हाय काय, एवढा सांग."

सखारामने बाटलीतलं पाणी थेंबभर घातलं आणि अंगठ्याने चोळलं. बराच वेळ चोळत राहिला. त्याचा चेहरा पडला, म्हणजे त्यालाही आत कुठे तरी आशा होती.

"नाय ओ. आमची माती हाताला धरते. धुतली तरी नखात ऱ्हाते. ही बगा, विटेच्या भुकटीसारखी निसटून जाते. आणि वास पण नाय."

"वास नाय?" शहरबानूने माझ्याकडे वळून पाहिलं. "अवो, तुमचा नाक चोंदला नव्हता तर."

परत येताना ती एक अक्षर बोलली नाही. आमच्या संसारात असे क्षण दुर्मीळ, म्हणून मीही बोललो नाही.

४

अमिरुन्निसाने दार उघडलं, करंड्याचं नाव ऐकलं आणि पदरात तोंड लपवलं.

"मीच घेतली," ती म्हणाली.

अमिरुन्निसा श्रीवर्धनची, पाच वेळची नमाजी. चोरी आणि ती?

"कधी घेतलीस?"

"हिवाळ्यात. माज्या पोरीचा, इक्राचा ताप उतरत नव्हता. फ्लोरी पाणी आणायला आत गेली, मी चिमूटभर काढली. सांगायची लाज वाटली बाय. साधूंना मारलान ते आमचेच, आणि आमीच त्यांच्या मातीकडे दवा मागायची? पण आईला काय सुचता तेव्हा!"

"म्हंजे ह्या आठवड्यात नाय?"

"नाय, कसम."

"तवा माती कशी होती?"

"काळी. खाडीच्या चिखलासारखा वास. बोटाला चिकटून बसली, पुसता पुसेना."

"आणि इक्रा बरी झाली?"

"झाली. डॉक्टरचा औषध पण चालू होता."

हिवाळ्यात जिला वास होता, जी बोटाला चिकटत होती, तिच्या जागी आज ही कोरडी, मुकी भुकटी. मला वाटलं, दुसरी माती आहे हे आता पक्कं झालं. शहरबानूला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही.

नीला वर आमच्याकडेच आली, आम्ही बोलवायच्या आधी. ती पुण्याची. मीना अब्दुल्ला भागात तेलाचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये केमिस्ट. इनासच्या घरात तिचं लग्न गोड मानून घेतलेलं, पण सासरा आणि सून एकमेकांशी गरजेपुरतंच बोलत.

"सखारामकाकांना तुम्ही काही बोलला नाहीत ना?" तिचा पहिला प्रश्न. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"विचारला फक्त. बस. तुना काय वाटता, कोणी केला असेल?"

"मला काय माहीत, आंटी." ती खिडकीबाहेरच्या धुळीकडे बघत राहिली. "पण खरं सांगू? ज्याने केलं त्याने बाबांचं वाईट नाही केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कसली तरी जुनी माती प्यायची म्हणजे सरळ इन्फेक्शनला बोलावणं. मी सांगून दमले. ते ऐकत नाहीत. ही निदान पोटात जाऊन त्रास तरी देणार नाही."

शहरबानूने तिला खजुराची बशी दिली. नीलाने एकही उचलला नाही.

"आई उद्या सकाळी कंपनीत फोन करणार आहेत," ती जाता जाता म्हणाली. "सखारामकाकांचं काम जाईल, आंटी."

"मग उद्या सकाळच्या आत काय ता व्हायला हवा," शहरबानू म्हणाली.

५

शनिवारी सकाळी मी स्वप्न बघत होतो. होर्मुझहून एक गलबत निघालं होतं आणि त्यात माझ्या दुकानातल्या सगळ्या कुप्या भरल्या होत्या. एक म्हातारा साधू एकेक कुपी उघडून हुंगत होता आणि म्हणत होता, कमालभाई, ह्यात काहीच नाही. तेवढ्यात मला काहीतरी जळल्याचा वास आला आणि मी उठलो.

स्वयंपाकघरात शहरबानू ओव्हनपुढे बसली होती. आत माझ्या लाडक्या बिर्याणीच्या ट्रेमध्ये बाल्कनीतल्या कुंडीची माती भाजत होती.

"अगं, डोकं फिरलं काय?"

"माज्या माहेरच्या घरात चूल होती," ती म्हणाली. "खाडीच्या काळ्या मातीची. अख्खी चूल काळपट, पण तोंडाशी, जिथे जाळ लागता, तिथे लालभडक. लहानपणी मना वाटायचा, रंग दिलाय."

मी स्टूल ओढून बसलो.

"माती कोणी बदलली नाय. ती तीच हाय. बदलणारा तो शंख कशाला परत ठेवील? शंख तोच, पण दगडासारखा होता तो भाजून ठिसूळ झाला. मातीचा वास गेला, चिकटपणा गेला. मडका एकदा भाजला की त्याचा परत चिखल होतो काय?" तिने ट्रे बाहेर काढला. माती वाळली होती, पण रंग होता तसाच. "आणि बगा, घरच्या ओव्हनला ता जमत नाय. जाळ मोठा पाहिजे. मग असा जाळ कोणाकडे? सुताराकडे नाय. अमिरुन्निसाकडे माझ्यासारखीच शेगडी."

मला नीलाचं वाक्य आठवलं. ही निदान त्रास तरी देणार नाही. जी माती कुठून आली तेच ठाऊक नाही, ती पोटाला बाधणार नाही हे हिला कसं ठाऊक?

"चला," शहरबानू उठली. "फ्लोरीबाय फोन करायच्या आत."

फ्लोरीच्या हातात फोन होताच. समोर नीला उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. शहरबानूने आवाज न चढवता विचारलं, "नीला, तुमच्या लॅबमध्ये भट्टी हाय काय गो?"

नीला खुर्चीत बसली. मग तिला रडू फुटलं.

"तेलाचा नमुना जाळून राख किती उरते ते बघायची भट्टी," ती म्हणाली. "मला वाटलं, बाबा पिणार तर आहेतच. मग निदान जंतू तरी मरू देत. गुरुवारी चिनी मातीच्या वाटीत घालून ठेवली. आमच्या लॅबची सवय, एकदा ठेवायचं तर पूर्ण आचेवर ठेवायचं. बाहेर काढली तर लाल. मी घाबरून तशीच परत भरून ठेवली. वाटलं, कोणाला कळणार नाही. आई, मी तुमचा देव जाळला."

फ्लोरीने फोन खाली ठेवला. तिने सुनेच्या तोंडात मारली असती तरी मला नवल वाटलं नसतं. पण ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आता इनासला काय सांगू मी?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "अंधुक दिव्यात पाजा."

"नाही," नीला म्हणाली. "मी सांगणार. खोटं सांगून त्यांना काही प्यायला द्यायचं नाही."

"आणि त्याने सही केली नाय तर?" फ्लोरीने विचारलं. नीलाने करंड्याचं झाकण घट्ट लावलं.

फ्लोरीने मग एक गोष्ट केली. तिने सखारामला फोन लावला. "सखाराम, माझी चूक झाली रे. मी तुला चोर म्हटलं," एवढं म्हणून ती रडत राहिली. पलीकडून सखाराम काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण संध्याकाळी हॉस्पिटलच्या दारात तो इस्त्रीचा सदरा घालून आमच्या आधी उभा होता.

६

इनास उशीला टेकून बसला होता. दांडगा माणूस, पण हॉस्पिटलच्या कपड्यांत धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखा दिसत होता. खिडकीबाहेर तोझ अजून होती, आणि खोलीतला उजेड केशरी, झोपेतल्यासारखा.

"आणलीस?" त्याने फ्लोरीला विचारलं.

नीला पुढे झाली. तिने करंडा त्याच्या हातात दिला, झाकण स्वतः उघडलं आणि सगळं सांगितलं. भट्टी सांगितली, आच सांगितली, लपवलं तेही सांगितलं. सखारामवर आळ आला आणि आपण गप्प राहिलो, हे तिने सखारामकडे बघून सांगितलं.

इनासने माती बोटावर घेतली. उजेडात धरली. मी फ्लोरीकडे बघितलं नाही, मला ते झेपलं नसतं.

"मला विचारून का नाय केलंस?" तो म्हणाला.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

त्याने बोटावरची माती परत करंड्यात झटकली.

"तुला काय वाटलं, पोरी," तो म्हणाला, "ही माती पोटात गेली की हृदयाची नळी साफ होईल असं समजतो मी? वेडा नाय मी. मी भ्यालोय. उद्या ते छाती उघडणार. लहानपणी ताप आला की आई हे पाणी पाजायची आणि बाजूला बसून राहायची. मी झोपेपर्यंत उठायची नाय. मला ते पाहिजे होतं. आता सत्तरीच्या म्हाताऱ्याने आई पाहिजे असं डॉक्टरला कसं सांगायचं? म्हणून माती मागितली."

सखाराम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"तुमची आई तर आणू शकत नाही मी," नीला म्हणाली. "आणि जी माती होती ती पण घालवली."

"घालवलीस कुठे? माझ्यासाठी तू चोरी केलीस, भट्टी पेटवलीस, दोन दिवस जेवली नाहीस. दिसतंय तोंडावर." त्याने करंडा तिच्याकडे परत दिला. "कालव. तूच दे."

तिने पेल्यात चिमूट टाकली. पाणी लाल झालं, मग माती तळाशी बसली. त्याने तिच्या हातासकट पेला धरला आणि प्यायला. डॉक्टर आले तेव्हा त्याने न वाचता सही केली.

"आता घरी जा सगळे," फ्लोरी आम्हाला म्हणाली. "मी बसते."

"तू नको, तू रडशील," इनास म्हणाला आणि नीलाकडे बघून त्याने पलंगाजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

ती बसली. त्याला झोप लागेपर्यंत ती उठली नाही, आणि झोप लागल्यावरही उठली नाही.

रविवारी ऑपरेशन लांबलं. आम्ही बाहेरच्या बाकांवर बसून होतो, अमिरुन्निसाने तसबीह धरली होती, फ्लोरीने जपमाळ, आणि सखाराम दोघींना आळीपाळीने पाणी आणून देत होता. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि हसले. मग एकच माणूस आत जाऊ शकेल म्हणाले. फ्लोरीने नीलाला पुढे ढकललं.

काचेतून आम्हाला दिसत होतं. इनासने डोळे उघडले, पण ते कुठेतरी दूर होते, आमच्यापर्यंत पोचले नव्हते. नीला वाकली. त्याचे ओठ हलले. ती बाहेर आल्यावर फ्लोरीने अधीरपणे विचारलं, काय म्हणाला?

"'आई' म्हणाले," नीला म्हणाली.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आहे मी इथे, झोप."